आडवी ठेवलेली विळी

गेल्या श्रावणात रत्नागिरीतील एका शाळेच्या सभागृहात स्थानिक चित्रकारांचे छोटे प्रदर्शन भरले होते. काकूच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता आणि तिला तपासणीसाठी घेऊन मी पावसहून आलो होतो. तपासणी लवकर आटोपली, बाहेर पावसाची सर थांबेना आणि समोर उघडे दार दिसले म्हणून आम्ही आत शिरलो, हे आधीच कबूल करतो. भिंतींवर जे असते तेच होते: भाट्याची खाडी, रत्नदुर्गाचा दीपस्तंभ, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि चार-पाच सूर्यास्त. त्या सूर्यास्तांपैकी एकासमोर मी उगाचच मान हलवत उभा असताना काकूने कोपऱ्यातून हाक मारली. ती एका लहानशा जलरंगातील चित्रासमोर उभी होती. चित्र पाव इंपीरियल कागदाचे, म्हणजे साधारण 15 बाय 11 इंचांचे, आणि विषय होता विळी.

लाल कोब्याच्या जमिनीवर विळी एका कुशीवर पडलेली आहे. खवणीचे टोक डावीकडे, पाटाची झिजलेली बाजू आपल्याकडे. शेजारी केळीच्या पानाच्या तुकड्यावर खवलेल्या नारळाच्या चवाची ढिगुळी आणि अर्धवट खवलेली एक कवड, वरच्या उजव्या कोपऱ्यात चौकड्यांचे फडके. माणूस कुठेही नाही. काकूने बोट दाखवले आणि म्हणाली, "बघ, आडवी ठेवलीन हो! घरात वावरलेला माणूस दिसतोय हा." आमच्या घरात विळी उभी ठेवून उठणे हा अक्षम्य गुन्हा होता. कोणी हाक मारली, दूध उतू गेले, दारात पाहुणा आला, काहीही झाले तरी उठणाऱ्या बाईचा हात आधी विळीकडे जायचा, ती कुशीवर कलंडायची आणि मगच बाई उठायची. शहरातल्या मिटत्या विळ्यांना हा शिस्तीचा प्रश्न नसतो. आमच्या विळीचे पाते पाटात कायमचे ठोकलेले असल्यामुळे तिला निजवावेच लागते. त्या एका गोष्टीवरून काकूने चित्रकाराला पास करून टाकले होते. माझा अभिप्राय तयार व्हायला मात्र अर्धा तास लागला.

त्या अर्ध्या तासात तीन-चार माणसे आमच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि प्रत्येकाने थोड्याफार फरकाने एकच वाक्य उच्चारले: "अगदी आजीची आठवण आली." मला या वाक्याचा राग नाही, माझीही आजी विळीवर बसूनच फणसाचे गरे सोलत असे. परंतु आठवण येण्याचे श्रेय विळीचे आहे, चित्राचे नव्हे. मोबाइलवर काढलेल्या धूसर फोटोनेही आजी आठवली असती. भंगारवाल्याच्या हातगाडीवरची विळी पाहूनही आठवली असती. जुन्या वस्तूंची चित्रे आपल्याकडे या सवलतीवर फार सहज तरून जातात, कंदील, जाते, फिरकीचा तांब्या असे काहीतरी काढले की प्रेक्षक स्वतःच्या डोळ्यांतले पाणी चित्रात ओततो. म्हणून मी स्वतःला बजावले की आजीला थोडा वेळ बाजूला बसवायचे आणि कागदावर नेमके काय केले आहे तेवढेच पाहायचे.

कागदावर जे सर्वांत आधी केले होते ते म्हणजे एका जागी काहीच केले नव्हते. पात्याच्या आतल्या वळणावरून, पाटाच्या खोबणीपासून टोकाच्या दिशेने, सुताएवढी एक पांढरी रेघ गेली आहे. ती पांढऱ्या रंगाची नाही. तो उघडा कागद आहे. तैलरंगात काम करणारा चित्रकार चकाकी शेवटी ठेवतो. फ्रान्सच्या शार्दँने अठराव्या शतकात तांब्याची पाण्याची टाकी रंगवली, ती पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, आणि तिच्या पोटावरचा उजेड हा काळोख रंगवून झाल्यावर वरून चढवलेला जाड रंग आहे. पारदर्शक जलरंगात ही सोय नाही. डिंकात घोटलेला रंग पाण्यातून पातळ होऊन कागदावर बसतो, उजेड त्या पातळ थरातून आत जातो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत येतो. म्हणजे जेवढा कागद राखाल तेवढाच उजेड तुमचा. कुठे उजेड ठेवायचा हे पहिला कुंचला ओला करण्याआधी ठरवावे लागते, आणि एकदा त्या जागेवरून रंग गेला की ती जागा पूर्वीसारखी पांढरी होत नाही. विळीची धार ही तिची सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि चित्रकाराने ती न रंगवता ठेवली आहे.

चित्रकार तिथेच एका टेबलाशी बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक, समोर चहाचा थर्मास. मी विचारले, "सर, ही रेघ राखायला रबराचं ते द्रव्य लावलं होतं का?" हे द्रव्य कागदावर लावून वाळवले की त्याखालची जागा कोरी राहते, नंतर ते चोळून काढतात. ते म्हणाले, "नाही. ते काढताना कागदाची साल निघते, आणि कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. मी दोन्ही बाजूंनी वॉश आणला आणि मधे सोडला." वॉश म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर. वाळलेल्या कागदावर भरलेला कुंचला चालवायचा, वळण घेत एका दमात यायचे आणि दुसऱ्या बाजूने तसेच परत जाऊन दोन ओल्या रंगांमध्ये सुताची जागा कोरडी ठेवायची. ती दोन पाणी कुठे भेटली की संपले. रेघेच्या साधारण मध्यावर एके ठिकाणी ती भेटलेली दिसतात. तिथे पांढरी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी तुटली आहे. "हे मुद्दाम?" असे मी विचारताच ते म्हणाले, "छे हो, हात चुकला." काकू मात्र माझ्या खांद्याआडून म्हणाली की तिथे धार बोथट झाली असेल, सगळ्यांनी तिथेच चिरून चिरून.

टोकाकडे जाता जाता ती रेघ अधिक बारीक होते आणि नाहीशी होते. या जागेवर माझी नजर सर्वांत जास्त वेळ राहिली. विळी कुशीवर पडते तेव्हा ती तीन ठिकाणी टेकते, पाटाच्या काठाची दोन टोके आणि पात्याचे टोक; त्यामुळे पाते मुळाशी जमिनीपासून तीन-चार बोटे उचललेले असते आणि टोकाशी जमिनीला लागते. साहजिकच पात्याखालची सावली मुळाशी रुंद आणि दूर पडते, मग जवळ सरकत येते आणि खवणीच्या दात्यांपाशी पाते आणि सावली एक होतात. चित्रकाराने ही सावली आधी ओल्या कागदावर पसरू दिली आहे, म्हणून मुळाशी तिची कड मऊ आहे. टोकाशी येताना कागद वाळत आला असावा, कारण तिथे कड घट्ट झाली आहे. खवणीचे दाते वेगळे काढलेलेच नाहीत. कोरड्या कुंचल्याची बाजू कागदाच्या खरखरीवरून ओढली आहे आणि कागदाच्या उंचवट्यांनीच दाते तयार केले आहेत. जवळ गेलात तर सात-आठ ठिपके, दोन पावले मागे आलात तर हात मागे घ्यावा अशी खवणी.

मी विचारले की पात्याला काळा कोणता वापरला. "काळा माझ्या पेटीतच नाही," असे म्हणून त्यांनी पेटी उघडून दाखवली. तिच्यात या चित्रापुरते पाचच रंग होते: प्रशियन ब्लू, बर्न्ट सिएना, रॉ सिएना, लाइट रेड आणि अल्ट्रामरीन. पाते प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करून, पाट दोन्ही सिएनांचा, कोबा लाइट रेडचा, आणि केळीचे पान प्रशियन ब्लूमध्ये रॉ सिएना मिसळून. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे. तरीही यातली गंमत परतीच्या एसटीत भाट्याचा पूल ओलांडताना माझ्या ध्यानात आली. बर्न्ट सिएना, रॉ सिएना आणि लाइट रेड या तिन्हींचा रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो. आपला गेरू, अंगणातला जांभा दगड आणि कोब्यात घालतात ती लाल पूड याच घराण्यातली. प्रशियन ब्लू हेही लोहाचेच संयुग. 1706च्या सुमारास बर्लिनमध्ये लाल रंग करायला बसलेल्या एका रंगवाल्याच्या हातून ते चुकून तयार झाले. म्हणजे त्या कागदावर लोखंडी विळी लोखंडानेच रंगवलेली होती, आणि पाते पाटात जिथे शिरते तिथला गंज तर जवळजवळ गंजानेच. पाचांपैकी लोहाशी नाते नसलेला रंग एकच, अल्ट्रामरीन, आणि तो त्यांनी सावल्यांना ठेवला होता.

पात्याच्या रंगाबद्दल आणखी एक सांगायला हवे. तो सपाट करडा नाही. मधूनमधून त्यात जांभळट-निळी झाक आहे, शाईचा डाग पुसून राहावा तशी. ज्या विळीवर केळफूल चिरले जाते तिच्या पात्यावर ही झाक खरोखरच येते, कारण केळफुलातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळे संयुग तयार होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून जी शाई करीत तिचेही तत्त्व हेच. चित्रकाराला हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांनी ओल्या पात्यावर प्रशियन ब्लूचा एक जास्तीचा थेंब सोडला आणि तो पसरेल तसा पसरू दिला, इतकेच. परंतु थेंब कुठे सोडायचा हे विळी नीट पाहिल्याशिवाय सुचत नाही.

आता चवाच्या ढिगुळीकडे येतो, कारण तिथे माझी नजर चुकली आणि काकूची चुकली नाही. मला ढिगुळी नुसती पांढरी दिसली होती. काकू म्हणाली, "पांढरी कुठाय, निळी आहे चांगली." चित्रकार खुशीत येऊन उठलेच. ढिगुळीची उजवी बाजू कोरा कागद आहे आणि डावी, सावलीची बाजू अगदी पातळ अल्ट्रामरीनची. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा रंग त्यात अडतो. मोतीबिंदू काढून नवे भिंग बसवले की तो पुन्हा आत येऊ लागतो. 82 वर्षांची काकू त्या सभागृहात माझ्यापेक्षा अधिक निळे पाहत होती, आणि हे मला मान्य करावे लागले. धुतलेल्या धोतराला पुडीतली नीळ देत असत, तीही अल्ट्रामरीनच. निळीने कापड निळे होत नाही, पिवळेपणा झाकून जास्त पांढरे दिसते. चित्रातल्या खोबऱ्याला त्यांनी तशी नीळ दिली आहे. पूर्वी हे अल्ट्रामरीन अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतील दगड कुटून काढीत आणि युरोपात ते सोन्याच्या तोडीचे महाग असे. एकोणिसाव्या शतकात ते कारखान्यात तयार होऊ लागल्यानंतरच धोतराच्या वाट्याला आले.

त्या पांढऱ्या-निळ्या ढिगाऱ्यात चार-पाच तपकिरी कण आहेत. ते नसते तर चित्र जरा गोड झाले असते. कवड खवताना आधी पांढरे निघते. हात थांबला नाही तर खोबऱ्याची पाठ लागते आणि चवात करडे कण येतात. मोदकाच्या सारणाला किंवा सोलकढीच्या दुधाला असा चव चालत नाही. आमच्याकडे तो रोजच्या आमटीत किंवा वाटणात जातो. काकूने ते कण पाहून निकाल दिला, "करवंटीला लागेपर्यंत खवलंन. मन नव्हतं कामात." शेजारच्या कवडीचा आतला भाग पाहिला तर एका बाजूला खोबरे शिल्लक आहे आणि दुसऱ्या बाजूला करवंटी उघडी पडली आहे, म्हणजे तिचे म्हणणे बरोबर होते. चित्रात माणूस नाही. तरी ती बाई घाईत होती, एकाच बाजूने खवत राहिली आणि मधेच उठून गेली, आणि उठताना तिने विळी आडवी केली, इतके त्या कागदावर लिहिलेले आहे.

सगळेच चांगले होते असे नाही. कोपऱ्यातले चौकड्यांचे फडके मला अजिबात आवडले नाही. त्याच्या घड्या मेहनतीने काढल्या आहेत, एकेक चौकडा वळणानुसार वाकवला आहे, आणि नेमकी ती मेहनतच दिसते. बाकीच्या चित्रात पाण्याला जे स्वातंत्र्य दिले आहे ते इथे काढून घेतले आहे. मी हे भीत भीत बोललो. सर म्हणाले की कोपरा रिकामा वाटत होता. रिकामा कोपरा पुष्कळ काही करू शकतो, असे माझे मत. पण चित्रकलेच्या शिक्षकापुढे मी ते गिळले.

कोकणातल्या माणसाने घरातली वस्तू आणि जलरंग यांच्याबद्दल बोलावे आणि सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे नाव घेऊ नये असे होणार नाही. 1882 साली सावंतवाडीत जन्मलेल्या हळदणकरांचे 'ग्लो ऑफ होप' हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातातल्या दिव्यावर तळव्याचा आडोसा धरलेली मुलगी, जिच्यासाठी त्यांनी आपल्याच मुलीला उभे केले होते. कॅलेंडरांवरून आणि दिवाणखान्यांतून ते घराघरांत गेले, अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात, आणि ते जलरंगात आहे हे ऐकून तर बहुतेकांना नवल वाटते. तिथे दिवा ही घरातलीच वस्तू आहे. परंतु चित्र दिव्याचे नाही, दिव्याने उजळलेल्या मुलीचे आहे, बोटांच्या फटींतून आलेल्या तांबूस उजेडाचे आहे. विळीच्या चित्रात कोणीही उजळत नाही. वस्तूला स्वतःपुरताच उजेड मिळालेला आहे, सुताएवढा. दोन चित्रांची तुलना करण्याचा माझा इरादा नाही, तशी ती होणारही नाही. पण हळदणकरांच्या त्या चित्राकडे मी इतकी वर्षे मुलीचा चेहरा पाहण्यासाठीच पाहिले होते, आणि त्या रात्री घरी पुस्तकातले छापील चित्र काढून प्रथमच दिव्याभोवती कागद कुठे कुठे राखला असेल ते शोधत बसलो.

चित्र मी विकत घेतले. किंमत माझ्या निवृत्तिवेतनाला झेपेल अशी होती आणि त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. अडचण पुढे होती. सरांनी चित्र बांधून देताना विचारले, "लावणार कुठे? बाहेरच्या भिंतीवर नको." त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे चित्र आषाढातले. मे महिन्यात वॉश डोळ्यांदेखत वाळतो आणि कडा कडक होतात; पावसाळ्यात कागद तासभर ओला राहतो, पंख्याखाली धरला तरी हवेतले पाणी त्याला सोडत नाही, म्हणून आषाढातल्या चित्रांच्या सावल्या मऊ होतात आणि एका थरावर दुसरा थर द्यायला संध्याकाळ उजाडते. चित्र काढताना जे पाणी मदत करते तेच नंतर चित्र खाते. जिथे वर्षाला 3000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो तिथे कागद म्हणजे बुरशीचे जेवण. चांगल्या कागदाला रंग शोषला जाऊ नये म्हणून जिलेटिनची खळ दिलेली असते आणि बुरशीला ती विशेष प्रिय. मला हे स्वानुभवाने पटले होते. पंधरा वर्षांपूर्वी मी एक जलरंगातले निसर्गचित्र हौसेने पश्चिमेच्या जांभ्याच्या भिंतीवर लावले होते, आणि तिसऱ्या पावसाळ्याअखेर त्यातल्या आकाशाला देवी आल्यासारखे तांबूस ठिपके पडले. शिवाय फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर टेकवली होती, त्यामुळे आतले दव काचेवर धरून रंगाला चिकटले. चूक माझीही होती, मी विचारले नव्हते.

या वेळी मी फ्रेमच्या दुकानात तासभर उभा राहिलो. चित्राभोवती जाड पुठ्ठ्याचा माउंट, म्हणजे काच आणि कागद यांच्यात हवेला जागा; मागे भिंतीपासून फ्रेम सुटी राहावी म्हणून खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे. दुकानदाराने बुचांना हसून घेतले पण लावले.

घरी आल्यावर बाहेरच्या तिन्ही भिंती बाद झाल्या. राहिली माजघराची मधली भिंत, जिच्या एका बाजूला ओटीचे दार आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराचे. मी दाराजवळच्या खुंटीला चित्र धरून पाहिले, तर काकू पाटावरून म्हणाली, "तिथे नको रे. टोक दाराकडे येतंय, आल्यागेल्याला बरं दिसत नाही." विळीचे टोक चित्रात डावीकडे आहे आणि ते आता कोणालाही फिरवता येणार नाही. तेव्हा समोरची, फडताळाला लागून असलेली भिंत उरली. तिथे उभे राहिले की डावीकडे स्वयंपाकघर येते. फक्त तिथल्या खिळ्यावर गेली कित्येक वर्षे कालनिर्णय लटकत होते. ते काढून मी देवघराच्या बाजूला लावले आहे, आणि काकू अजूनही एकादशी पाहायला फडताळापाशीच जाते.